गावातलं दुकान परवडेना झालंय? सरकारकडून नक्की काय मिळतं आणि कुठल्या क्रमानं मागायचं

आधी कडू गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढं अपेक्षाभंग नको. खर्च वाढलाय म्हणून चालू दुकानाला सरसकट रोख अनुदान देणारी योजना ना केंद्राची आहे ना महाराष्ट्राची. किराणा असो, कापड असो, स्टेशनरी किंवा हार्डवेअर, भाडं आणि लाईट बिल कोणी भरून देत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारं "दुकानदारांना ५० हजार अनुदान, लिंक उघडा" हे बहुतेक वेळा तुमचा आधार नंबर नाहीतर "प्रोसेसिंग फी" काढायचा धंदा असतो. पण मिळत काहीच नाही असंही नाही. स्वस्तात पैसा मिळतो, काहींना व्याज परत मिळतं, टॅक्सची कटकट कमी होते आणि वाईट वेळेला थोडा आधार होतो. गोची अशी की हे सगळं वेगवेगळ्या ऑफिसात विखुरलेलंय आणि क्रम चुकला की हातचं जातं. म्हणून क्रमानंच सांगतो, उदाहरणं महाराष्ट्रातली घेतलीत, केंद्राच्या योजना मात्र सगळीकडं सारख्याच.

पायरी १: भोक कुठं पडलंय ते आधी बघा

वहीच्या एका पानावर महिन्याचं भाडं, वीज, पोरांचे पगार, गाडीभाडं, खराब झालेला माल आणि व्याज लिहून काढा. व्याजाचा आकडा लोक लिहीतच नाहीत, कारण तो गल्ल्यातून रोज थोडा थोडा जातो. समजा सीझनला माल भरायला शेकडा ३ रुपयांनी ३ लाख उचललेत. म्हणजे महिन्याला ९,००० रुपये नुसतं व्याज, मुद्दल आहे तिथंच. तेच ३ लाख बँकेकडून वर्षाला १२ टक्क्यांनी असते तर महिन्याला ३,००० च्या आसपास. हा ६,००० चा फरक बऱ्याच गावांत दुकानाच्या भाड्याइतका असतो! त्यामुळं माझं स्पष्ट मत असंय की सरकारी मदत म्हणजे अनुदान हे डोक्यातून काढा आणि महागडं कर्ज स्वस्त कर्जात कसं बदलायचं याच्या मागं लागा, कारण खरा पैसा तिथं वाचतो.

जाता जाता, महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ चा आहे आणि त्याखाली लायसन असलेल्या सावकारालासुद्धा शेतकरी नसलेल्या माणसाकडून तारण घेऊन वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के झाले. विनालायसन सावकारी तर सरळ गुन्हाय, तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं करायची. गावात राहून तक्रार करणं सोपं नसतं हे मलाही कळतं, पण तडजोडीला बसताना हा आकडा माहीत असलेला बरा.

पायरी २: कागद जमवा, बँकेत नंतर जा

शॉप ॲक्ट, ज्याला अजून कित्येक जण गुमास्ताच म्हणतात. २०१७ च्या कायद्यानुसार, २०२५ च्या बदलानंतर, २० पेक्षा कमी कामगार असतील तर रजिस्ट्रेशन नाही, फक्त ऑनलाईन सूचना द्यायची आणि पावती काढून घ्यायची. एकटे बसत असाल तरी काढून ठेवा, बँक पहिल्यांदा तेच मागते.

दुसरं म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची केंद्र सरकारकडची नोंद, आणि हा जरा नीट समजून घ्यायचा मामला आहे. २०१७ मध्ये रिटेल आणि होलसेल व्यापाराला एमएसएमईच्या (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) यादीतून काढलं होतं, २ जुलै २०२१ ला परत घेतलं, पण एका अटीवर, की फायदा फक्त प्रायॉरिटी सेक्टर कर्जापुरता. म्हणजे बँकेनं तुम्हाला दिलेलं कर्ज तिच्या सरकारी टार्गेटमध्ये मोजलं जातं, म्हणून तिला तुमच्यात इंटरेस्ट असतो. मात्र "एमएसएमईचं पेमेंट ४५ दिवसांत झालंच पाहिजे" हा नियम किंवा समाधान पोर्टलवरची वसुलीची तक्रार, हे नुसत्या व्यापाऱ्याला लागू नाही. उद्यम काढलं की शाळेची, ग्रामपंचायतीची थकलेली उधारी वसूल होईल असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

नोंदणी उद्यम रजिस्ट्रेशन डॉट गव्ह डॉट इन या साईटवर, पूर्ण फुकट. आधारला मोबाईल लिंक पाहिजे कारण ओटीपी येतो, पॅन लागतो, जीएसटी असेल तर तो नंबर. फॉर्ममध्ये ट्रेडिंग निवडायचं आणि किरकोळ व्यापाराचा ४७ ने सुरू होणारा कोड टाकायचा. सर्टिफिकेट कायमचं असतं, दरवर्षी रिन्यू वगैरे काही नसतं. गुगलवर सर्च केलं की सरकारी वाटणाऱ्या पण दीड-दोन हजार मागणाऱ्या साईट आधी येतात, शेवट गव्ह डॉट इन नसेल तर बंद करा. पॅन किंवा जीएसटी नसलेल्या अगदी छोट्या धंद्यासाठी जानेवारी २०२३ पासून उद्यम असिस्ट आहे, त्यात बँक किंवा फायनान्स संस्थेमार्फत नोंद होते.

तिसरं, दुकानाचं वेगळं खातं. घरचे पैसे, पाहुण्याचे पैसे, भिशीचे पैसे आणि गल्ला सगळं एकाच यूपीआयवर येत असेल तर दोन्हीकडून मार आहे, बँकेला खरी उलाढाल कळत नाही आणि टॅक्सवाल्याला जास्तीची दिसते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता ना, ते आठवा.

आणि इन्कम टॅक्स रिटर्न. टॅक्स बसत नसला तरी भरा, कारण ५० हजारांच्या वरचं मुद्रा कर्ज मागायला गेलात की मागच्या २ वर्षांची रिटर्न मागतातच.

पायरी ३: बँकेत जायच्या आधी महामंडळ तपासा

ही पायरी लोक उलटी करतात. आधी कर्ज घेतात आणि मग कोणीतरी सांगतं की अरे तुला व्याज परत मिळालं असतं, आणि तोवर वेळ गेलेली असते.

अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची वैयक्तिक कर्ज व्याज परतावा योजना हे यातलं सगळ्यात चालणारं उदाहरण. मराठा समाज आणि ज्या प्रवर्गांसाठी स्वतंत्र महामंडळ नाही अशांसाठी ती आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे. कर्ज बँक देते, १५ लाखांपर्यंत. हप्ता आधी तुम्ही वेळेवर भरायचा, मग त्यातला व्याजाचा भाग महामंडळ तुमच्या खात्यात परत टाकतं, १२ टक्क्यांच्या मर्यादेत आणि एकूण साडेचार लाखांपर्यंत. महत्त्वाचं काय, तर आधी पोर्टलवर अर्ज करून पात्रता प्रमाणपत्र काढायचं, ज्याला सगळे एलओआय म्हणतात, आणि ते हातात घेऊन बँकेत जायचं. आणि हप्ता थकला की परतावाही अडकतो.

इतरांसाठी वेगळी दारं आहेत. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळ, वसंतराव नाईक विमुक्त जाती व भटक्या जमाती महामंडळ, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, अण्णाभाऊ साठे, संत रोहिदास, मौलाना आझाद महामंडळ. कुठं छोटं थेट कर्ज, कुठं बीजभांडवल, कुठं व्याज परतावा. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांची ऑफिसं असतात, बऱ्याचदा सामाजिक न्याय भवनात. टार्गेट आणि निधी जिल्ह्यागणिक येतो म्हणून फोनवर न विचारता एकदा स्वतः जाऊन "या वर्षी निधी शिल्लक आहे का" हाच प्रश्न आधी विचारा, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला सोबत असू द्या.

पायरी ४: मुद्रा मागायचं कसं

मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ची. शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५० हजार ते ५ लाख, तरुण ५ ते १० लाख, आणि २०२४ पासून तरुण प्लस २० लाखांपर्यंत, पण ते फक्त ज्यांनी तरुणचं कर्ज घेऊन नीट फेडलंय त्यांना. दुकानदारी यात बसते. तारण लागत नाही कारण मागं सरकारी गॅरंटी फंड असतो. सबसिडी यात अजिबात नाही, पूर्ण पैसे फेडायचे असतात, आणि व्याज बँक ठरवते म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. मुद्रा नावाचं ऑफिस थेट कर्ज देत नाही, त्यामुळं "मुद्रा लोन मंजूर, आधी २,१५० भरा" असं लेटर आलं की ते खोटंच.

किती मागायचं? इथं बहुतेक जण अंदाजानं "साहेब ५ लाख द्या" म्हणतात आणि साहेब कशाला विचारतात तेव्हा गप्प बसतात. खेळत्या भांडवलासाठी बँकांची एक साधी पद्धत असते, पुढच्या वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले २० टक्के बँकेचे आणि ५ टक्के तुमचे. उलाढाल ३० लाख असेल तर गरज साडेसात लाख, बँक ६ लाखांपर्यंत आणि तुमचे दीड लाख. मग साहेबांसमोर बोलताना हाच हिशोब मांडायचा. अर्थात ३० लाख उलाढाल खात्यात किंवा रिटर्नमध्ये कुठंतरी दिसली पाहिजे, नुसतं तोंडानं नाही चालत.

माल भरायला पैसे हवे असतील तर टर्म लोन (ठरावीक हप्त्यांचं कर्ज) घेऊ नका, कॅश क्रेडिट (सीसी) मागा. सीसीत जेवढी रक्कम जेवढे दिवस वापरली तेवढंच व्याज लागतं. दिवाळीत माल भरला, डिसेंबरात पैसे आले की खात्यात टाकले, व्याज कमी झालं. फ्रीज, रॅक, काउंटर, वजनकाटा, इन्व्हर्टर यासाठी टर्म लोन ठीक आणि त्यासाठी दुकानातून कोटेशन आणायचं.

फाईलमध्ये काय काय ठेवायचं: आधार, पॅन, फोटो, शॉप ॲक्टची पावती, उद्यम, भाडेकरार किंवा जागेचा उतारा, १२ महिन्यांचं स्टेटमेंट, रिटर्न, कोटेशन, असेल तर एलओआय. क्रेडिट रिपोर्ट आधीच स्वतः बघून घ्या, प्रत्येक क्रेडिट कंपनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देते. जुन्या मोबाईल लोनचे सातशे रुपये थकलेले दिसतात आणि त्यावरून पाच लाख अडतात, असं फार होतं.

अर्ज ज्या ब्रँचला तुमचं खातं आहे तिथं करा, किंवा जनसमर्थ पोर्टलवरून ऑनलाईन करा. ब्रँचमध्ये दिलात तर पोचपावती, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. "बघतो, पुढच्या आठवड्यात या" याला पुरावा नसतो, पोचपावतीला असतो. नकार आला तर कारण लेखी मागा.

पायरी ५: ज्या योजनांमागं दुकानदार उगाच धावतात

पीएमईजीपी, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. ग्रामीण भागात २५ ते ३५ टक्के सबसिडी ऐकून सगळ्यांचे डोळे चमकतात. पण ती नव्या युनिटसाठी आहे, चालू दुकानाला नाही, आणि नुसत्या खरेदी-विक्रीला तिच्यात फार कमी जागा आहे. जुनं दुकान बायकोच्या नावानं "नवीन" दाखवून करून देतो म्हणणारे एजंट भेटतील, त्यात पडू नका, नंतर प्रत्यक्ष पाहणी होते आणि सबसिडी परत घेतात.

पीएम स्वनिधी फेरीवाल्यांसाठी आहे, पक्क्या दुकानासाठी नाही. पण हातगाडी किंवा रस्त्यावरचा स्टॉल असेल तर चांगली आहे, २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५ हजारांचं, ते फेडलं की दुसरं २५ हजारांचं, मग तिसरं ५० हजारांचं, वेळेवर फेडलं की ७ टक्के व्याज सवलत. नगरपरिषदेचं विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. पीएम विश्वकर्मा १८ पारंपरिक कारागिरांसाठी, म्हणजे शिंपी, न्हावी, सोनार, चांभार वगैरे. कापड दुकानदार नाही बसत, पण दुकानात स्वतः शिवणारा बसू शकतो.

सूर्यघर योजनेची सोलर सबसिडी फक्त घरगुती मीटरला. दुकानाच्या कमर्शियल मीटरला नाही मिळत.

एक योजना मात्र किराणावाल्यांनी खरंच बघावी आणि ती कोणी सांगत नाही. पीएमएफएमई, सूक्ष्म अन्नप्रक्रियेची. नुसतं दुकान तिच्यात बसत नाही, पण दुकानाच्या मागं मसाला कांडप, पापड-शेवया, लाकडी घाणा, डाळ असं काही बनवत असाल किंवा सुरू करणार असाल तर प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत सबसिडी, १० टक्के स्वतःचे आणि उरलेलं बँक कर्ज. पाकीटबंद तेल-साबणात दोन-चार टक्के सुटतात तिथं स्वतःच्या मसाल्यावरचं मार्जिन वेगळंच असतं. महाराष्ट्रात हे कृषी विभागाकडं आहे, तालुका कृषी कार्यालयात जाऊन जिल्हा संसाधन व्यक्तीचं नाव विचारा, प्रस्ताव करून द्यायला सरकारच त्यांना मानधन देतं. अर्ज सध्या घेतात का हेही तिथंच कळेल.

पायरी ६: दर महिन्याचा खर्च

वीज. घराच्याच एका खोलीत दुकान असेल तर हे वाचाच. महावितरणच्या टॅरिफ ऑर्डरमध्ये अशी तरतूद आहे की राहत्या घराच्या काही भागात छोटा धंदा करत असाल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत, मागच्या आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दर लागतो. कितीतरी जण उगाच कमर्शियल भरतात. १२ महिन्यांची बिलं जोडून उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. स्वतंत्र गाळ्याला हे लागू नाही, आणि डीप फ्रीज असला तर उन्हाळ्यात ३०० ची मर्यादा कधी ओलांडते कळतही नाही.

जीएसटी. फक्त माल विकत असाल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. लक्षात ठेवा, हे ४० लाख म्हणजे एकूण विक्री, त्यात सुट्ट्या तांदूळ-गव्हासारखा करमुक्त मालही मोजतात. त्याच्या वर गेलात आणि दीड कोटीच्या आत असाल तर कंपोझिशनचा पर्याय आहे, व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर १ टक्का, तीन महिन्यांनी एकदा भरायचा, वर्षाला एक रिटर्न. ग्राहकाकडून टॅक्स घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट, म्हणजे क्रेडिटही मिळत नाही. घरगुती गिऱ्हाईक असेल तर कंपोझिशन मस्त. पण हार्डवेअर, इलेक्ट्रिकल, जिथं कॉन्ट्रॅक्टर पक्कं बिल मागतो, तिथं घेऊ नका, त्याला क्रेडिट मिळत नाही म्हणून तो शेजारी जाईल. चालू नोंदणीतून कंपोझिशनमध्ये जायचं तर ३१ मार्चच्या आत कळवावं लागतं.

भाड्याबद्दल एकच. तुम्ही रेग्युलर जीएसटीत आणि मालक जीएसटीत नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही भरायचाय, नंतर क्रेडिट मिळतं पण पैसे आधी जातात. कंपोझिशनवाल्यांना यातून वगळलंय. आणि करार रजिस्टर करून घ्या, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे, नोटरीवर भागवू नका.

यूपीआय आणि रुपे डेबिटवर ग्राहकानं दिलेल्या पैशातून कमिशन कापलं जात नाही. साऊंडबॉक्सचं महिन्याचं भाडं मात्र जातं, ते स्टेटमेंटमध्ये शोधा आणि आपल्या बँकेचा क्यूआर स्वस्तात मिळतो का विचारा.

पायरी ७: विमा, पेन्शन, पूर

लघु व्यापारी मानधन योजना, २०१९ ची. वय १८ ते ४०, उलाढाल दीड कोटीपर्यंत, इन्कम टॅक्स भरणारे आणि ईपीएफ-ईएसआयसीवाले सोडून. वयानुसार महिन्याला ५५ ते २०० रुपये तुमचे, तेवढेच सरकारचे, ६० नंतर महिना ३,००० पेन्शन. आजच्या ३,००० ला तेव्हा काय किंमत राहील हा प्रश्न आहेच, पण सरकार बरोबरीनं टाकतंय तर विशीतल्या पोरानं घ्यायला हरकत नाही. सीएससी सेंटरवर होतं.

दुकानासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही ठरावीक पॉलिसी सगळ्या जनरल विमा कंपन्यांकडं असते, आग, पूर, वादळ सगळं धरून, इमारत आणि मालासह ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला. नुसत्या घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. क्लेमच्या वेळी मालाची नोंद मागतात, म्हणून खरेदीची बिलं मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कागद पुरात पहिले जातात.

पूर आला तर माल साफ करायच्या आधी फोटो-व्हिडिओ, आणि तलाठ्याचा पंचनामा. २०२१ च्या पुरानंतर राज्यानं दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५० हजार आणि टपरीवाल्यांना कमाल १० हजार असं जाहीर केलं होतं. अशी मदत दर वेळी वेगळ्या जीआरनं येते पण पंचनाम्यात नाव नसेल तर काहीच मिळत नाही.

पायरी ८: हप्ता थकायला लागला किंवा बँक दाद देईना तर

हप्ता चुकल्यावर ९० दिवसांच्या पुढं खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, त्याआधी ३०-३० दिवसांचे टप्पे असतात. बँकेशी बोलायची वेळ पहिल्या तीस दिवसांत. लेखी अर्ज द्या की विक्री एवढी घटलीय, हप्ता लहान करून मुदत वाढवून द्या, आणि सोबत सहा महिन्यांची विक्री जोडा. एनपीए झाल्यावर हेच मागितलं तर मॅनेजरच्या हातात फारसं उरत नाही. फोन उचलायचं बंद करणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे.

कर्जाचा अर्ज पडून असेल तर आधी ब्रँचला लेखी तक्रार, मग जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे मॅनेजर, जे जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात आणि मुद्राचा आढावा घेतात. तरी ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन, फुकट, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. फक्त एक समजून घ्या, कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो, त्यात लोकपाल पडत नाही. अर्ज महिनोन्‌महिने दाबून ठेवला, उत्तरच दिलं नाही, मुद्राला तारण मागितलं, असली तक्रार मात्र टिकते, आणि तिथं ती शिक्का मारलेली पोचपावती लागते.